पारनेरच्या पाटीवरची काडी

माझी चौथी झालेली. सोनईच्या आमच्या घरात वाचता येणारी बाई मी एकटीच, आणि त्याची मला घमेंड होती. सासूला अक्षराची ओळख नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी माहेराहून निरोप आला. आईचं काही खरं नाही, दोन दिवस तुझंच नाव घेतेय. माहेर पारनेरजवळ. सासू म्हणाली, "येकटी जाऊ नगं, मी येती." नगरच्या स्टँडवर उतरलो तर समोर एक गाडी सुटायच्या बेतात होती. पाटीवर 'पा' दिसला आणि मी पळत सुटले.

"चला आत्याबाई, पारनेर लागली!"

तिनं मागून माझा पदर धरला. "ही न्हाई आपली."

"मी वाचलीय पाटी."

"वाचली आसशील. पारनेरच्या पाटीला मधी वर येकच काडी आसती. हिच्या श्येवटी बग, दोन आकडे हायेत."

"तुम्हाला कुठं वाचता येतं?"

"न्हाई येत, म्हनून तर सगळं बगावं लागतं. तू वाच की फुडचं. शाळेत गेल्तीस न्हवं?"

वाचलं. पाथर्डी. पारनेरच्या बरोबर उलट्या दिशेला.

काडी म्हणजे 'ने'ची मात्रा. आकडे म्हणजे 'र्डी'चा रफार आणि वेलांटी. माझी नणंद पारनेरला दिलेली, सासू तिच्याकडं एकटी जायची. पाटीची खूण तिनं डोळ्यांनी पाठ केली होती. मी पहिलं अक्षर बघितलं आणि बाकीचा शब्द मनानंच भरला. आईकडं जायचं होतं, म्हणून मला पारनेरच दिसलं.

आमची गाडी थोड्या वेळानं लागली. दुपारी पोचलो तेव्हा आई शुद्धीत होती. मला ओळखलं. "जेवलीस का?" म्हणाली. मग माझा हात धरून पडून राहिली. संध्याकाळी तिची वाचा गेली, दुसऱ्या दिवशी ती गेली.

सासू काही गोड बाई नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं तर ती आठवडाभर ऐकवायची. पण स्टँडवरची गोष्ट तिनं घरात कुणालाच सांगितली नाही. मी मात्र तेव्हा तिचे उपकार मानले नाहीत, ते चुकलंच. आईजवळची ती दुपार मला सासूनं दिली. आता मी पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, गाडी सुटायला आली असली तरी.