वाकड्या पावलाचा फर्मा

खिळेमामांच्या तोंडात कायम चार खिळे. मांडीवर जोडा उपडा घ्यायचा, ओठांतून एकेक खिळा काढायचा नि ठोकायचा. त्यामुळं बोलणं बेताचंच. गल्ली म्हणायची, "मामांचा शब्द एकदा ठोकला की पक्कडीनंसुद्धा निघायचा नाही."

लेकीचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. बाजारचा जोडा तिला कधी बसलाच नाही. मामांनी तिच्या पावलाबरहुकूम लाकडाचा फर्मा कोरला, पाऊल वाढेल तसा नवा, नि त्यावर जोडे शिवले. शेवटचा फर्मा दुकानातल्या वरच्या फळीवर, गिऱ्हाइकांच्या फर्म्यांत ठेवलेला.

पूर आला त्या दुपारी ती शिवणक्लासला गेलेली. मामा शोधायला निघाले, तेव्हा इस्त्रीवाल्या वहिनी कमरेएवढ्या पाण्यातून पोरंबाळं गच्चीवर चढवत होत्या. "वहिनी, दुकान उघडंच आहे. लागेल ते घ्या, लाजू नका!" ओरडून मामा गेले.

लेक सापडली ती पार खालच्या अंगाला. पावलावरूनच ओळखली. तिकडंच सगळं उरकून मामा परतले. घरात गुडघाभर गाळ. तिचे कपडे, फोटो, नावाला काही उरलं नव्हतं. वाटभर मनाशी एकच धरलेलं, वरच्या फळीला पाणी लागलं नसेल.

लागलं नव्हतंच. फळी कोरडी ठणठणीत होती. आणि रिकामी.

बाहेर सगळ्या गल्लीची मिळून एकच चूल. वहिनींनी पुढं होऊन भाताचं ताट मामांच्या हातात दिलं. "दोन घास खा, मामा. तुमच्यामुळं तगलो बघा. जिकडंतिकडं ओल, काडी धरेना. तुमचे ते लाकडी पाय होते म्हणून पोरांच्या पोटात गरम गेलं."

"त्यात एक वाकडा होता?"

"होता की! भारी चिवट. सगळे जळून गेले तरी तो धग धरून होता. बाळंतिणीला शेक दिला त्याच्यावर..." वहिनींचा डाव पातेल्यातच थांबला. "मामा... तो..."

"राख कुठंय?"

वहिनींना वर बघवेना. "तिनंच भांडी घासली हो, सकाळी."

 पोरं ताटं पुढं करून भात मागत होती. मामांनी शिवण तपासावी तसा ताटाच्या काठावरून अंगठा फिरवला. ताट लख्ख होतं. कणभर राखही कुठं राहिली नव्हती.