उलटी मेजवानी

गरिबाला काय सोसेल नि काय नाही, हे परस्पर ठरवून टाकणाऱ्या शहाण्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. मशीनमामाला अशा लोकांची भारी चीड. आपणही त्यांच्याच रांगेत जाऊन बसू, हे मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

थिएटरच्या माळ्यावर एकवीस वर्षं तो सिनेमाचं मशीन चालवत होता, म्हणून मशीनमामा. काचेचा कारखाना बंद पडला नि अर्धी वस्ती घरी बसली. तिथे बाटल्या पॅक करणारी त्याची बायकोही बसली. तरी तीनच्या खेळाला खुर्ची मिळायची नाही. लागायचे ते जुने, नाचगाण्यांचे, पोट धरून हसवणारे सिनेमे. "पोटात कावळे आणि पडद्यावर नाच!" असं कुणी नाक मुरडलं की मामा उसळायचा. "कामावर होते तेव्हा हसायला सवड नव्हती. आता हसतात तर तुमच्या बापाचं काय जातं?"

त्या आठवड्यातल्या सिनेमात चार मिनिटांची एक मेजवानी होती. लांबलचक टेबल, फळांचे ढीग, तीन मजली केक, आणि चमच्यांच्या तालावर गात गात हादडणारे बारा पाहुणे. माळ्याच्या झरोक्यातून मामाला दिसलं, नेमकी तेव्हाच खाली प्रेक्षकांत बसलेली बायको उठून बाहेर गेली. उपाशी पोटी तिला ते बघवलं नसणार, त्याने ठरवून टाकलं. घरी सकाळपासून पातळ पेज तेवढी होती. त्याने तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कात्री घेतली, मेजवानी कापली, फिल्मची टोकं चिकटवली आणि कापलेला तुकडा घाईघाईत गुंडाळून डब्यात टाकला.

तीनच्या खेळात यजमान म्हणाला, "चला, बसू या," आणि पुढच्याच क्षणाला सगळे तोंड पुसत उठले.

प्रेक्षक भडकले. "मामा, आमचं जेवण कुठाय?"

"कारखान्याने नोकरी खाल्ली, आता तू पडद्यावरचंही खाल्लंस का रे?"

मॅनेजर धापा टाकत माळ्यावर आला. "कुणी सांगितलं होतं हे?"

"लोक उपाशी आहेत, साहेब. बघवत नाही त्यांना."

"लोकांना बघवतंय. तुला बघवत नाही! उद्या तीनला मेजवानी दिसली नाही, तर परवा तू या माळ्यावर दिसणार नाहीस."

घरात राहिलेली ती एकच नोकरी. दुसऱ्या दिवशी मामाने डब्यातून तुकडा काढला. रीळ गुंडाळलं की सुरुवातीच्या टोकाला पेन्सिलीची फुली मारायची, हा त्याचा एकवीस वर्षांचा नेम. या तुकड्यावर फुली नव्हती. वर होतं ते शेपूट, आणि त्याने तेच डोकं समजून जोडलं.

पडद्यावर टेबल छताला लटकलं. बारा पाहुणे डोकं खाली, पाय वर. गाणं उलटं, जणू कुणी गुळण्या करतंय. मामाने कपाळावर हात मारला. संपलं!

खाली सगळ्यांच्या माना वाकड्या झाल्या. मग एका पोराचा आवाज आला, "आई, ताटं भरतायत!"

खरंच भरत होती. पाहुण्यांच्या तोंडातून घास निघून ताटात जात होते. कापलेला केक जुळून परत तीन मजली होत होता. थिएटरचं छप्पर उडेल असं लोक हसले. त्या कल्लोळात मामाने एक हसणं ओळखलं. कारखाना बंद झाल्यापासून ते घरात ऐकू आलं नव्हतं.

खेळ सुटल्यावर ती डोळे पुसत जिना चढून आली.

"अगं, परवा मेजवानीच्या वेळी उठून का गेलीस?"

"पायाला मुंग्या आल्या होत्या! त्या मोडक्या खुर्चीवर बसून बघा एकदा."

"मला वाटलं…"

"वाटून कसलं घेता? मला तोंड नव्हतं का? विचारायचं!"

एवढ्यात मॅनेजर आला. मामा आपली पिशवी भरू लागला.

"पिशवी ठेव खाली," मॅनेजर गुरकावला. "बाहेर लोक हटत नाहीत. सहाला सरळ लाव, तीनला हे असंच राहू दे."

"आणि मामा," जाता जाता बायकोही त्याला वस्तीच्याच नावाने हाक मारत म्हणाली, "जमलं तर कारखान्याचंही एखादं रीळ असंच उलटं जोडा."

मामाने पेन्सिल उचलली. तुकड्याच्या दोन्ही टोकांना फुली मारली.