हेडसेटमध्ये ऐकू आलेलं कानडी

भुतंखेतं, दैवी संकेत वगैरे माझा प्रांत नाही. मी पॅसेंजर जेटवर को-पायलट आहे. समोरचे आकडे सांगतील तेवढंच खरं मानायचं, अशी आमची शिकवण. तरीही हे लिहितेय... कारण तो आवाज ऐकणारी मी एकटी नव्हते.

माझं माहेर सोलापूरचं. आई अक्कलकोटकडची, त्यामुळे घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. गेल्या वर्षी धाकट्या भावाला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पण रजा मिळाली नाही. सोलापुरात पाळणा सजत होता, तेव्हा मी हैदराबादहून दिल्लीच्या फ्लाइटवर होते. माझ्याऐवजी चुलत बहीण नाव ठेवणार असं ठरलं होतं.

टेकऑफनंतर थोड्याच वेळात धप्प आवाज झाला आणि विमान थरथरायला लागलं. इंजिन बिघडलं होतं. विमान कॅप्टनच्या हातात होतं - पंजाबी गृहस्थ, अनुभवी. बिघडलेलं इंजिन बंद करायचं काम माझं. पण कुठलं, ते दोघांनी मिळून नक्की करायचं. चुकून चांगलंच बंद केलं तर संपलंच. हादरे उजवीकडून येताहेत असं दोघांनाही वाटलं. मी उजव्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवला, ते ‘हो’ म्हणणार... इतक्यात हेडसेटमध्ये बाईचा आवाज आला.

"निधान... निधान."

कानडीत निधान म्हणजे सावकाश. आणि आवाज माझ्या आईचा होता.

माझा हात थबकला. कॅप्टनही गप्प झाले. दोघांनी पुन्हा आकडे पाहिले. तापमान डाव्या इंजिनाचं चढत होतं, उजवं ठणठणीत! डावं बंद केलं, वळलो आणि एका इंजिनावर हैदराबादला सुखरूप उतरलो. मागे लोक टाळ्या वाजवत होते.

विमान रिकामं झाल्यावर कॅप्टननी हळूच विचारलं, "वो लेडी कौन थी? ये निधान क्या होता है?" त्यांना कानडीचा एक शब्द येत नाही.

अशा प्रसंगानंतर काही दिवस आम्हाला उड्डाण देत नाहीत. तेच सांगायला भावाला फोन केला, तर भावजयीनं उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "वन्सं, निघालात का? पाळणा थांबवलाय तुमच्यासाठी."

झालं होतं असं - बाळाला पाळण्यात घालताना आई एकदम थांबली. बाळ उराशी धरून, समोर बघत "निधान, निधान" म्हणत राहिली. बायकांना वाटलं, बाळाला जपा म्हणतेय. मग मोठा श्वास घेऊन ती हसली. "आज नाव ठेवायचं न्हाय. हिची आत्या यायलीय," म्हणाली. पाहुणे घुगऱ्या खाऊन, नाव न ऐकताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले, तर सगळी गल्ली पुन्हा हजर. भावाच्या टॉवेल कारखान्यातले लोकही आले. मी बाळाच्या कानात कुर्रर्र करून ‘गौरी’ म्हटलं... बाळ फटकन शिंकलं आणि घर हसण्यानं भरून गेलं.

आईला विचारलं, तुला काय दिसलं? म्हणाली, "दिसलं काय न्हाय. तू लई घाई करायलीस, एवढंच कळालं बघ."

पुढे चौकशीत कॉकपिटचं रेकॉर्डिंग ऐकवलं गेलं. त्यात बाईचा आवाज नाही. फक्त आम्ही दोघं बोलता बोलता एकदम गप्प झालोय, एवढंच ऐकू येतं.

याचा उलगडा ना मला झालाय, ना कॅप्टनना. पुढच्या महिन्यात ते सहकुटुंब सोलापूरला आमच्याकडे जेवायला येताहेत. आईचा आवाज त्यांना फोनवर नाही, समोर बसून ऐकायचाय.