चोळायचं न्हाई म्हंजी न्हाई

आमच्या राहू गावात कुणाची पाठ धरली, पाय मुरगळला की भागुबाईला बोलावणं जातं. बाळंतिणीला शेकायचं, चोळायचं, तरी भागुबाईच. मी हितली आशा सेविका, अंजना. बायकांना दवाखान्यात न्यायचं माझं काम. पण गावाचा विश्वास माझ्या गोळ्यांपेक्षा त्या बाईच्या दोन हातांवर जास्त. राग यायचा मला! पण माझ्या बाळंतपणात माझी कंबर तिनंच सरळ केली, तवा बोलणार काय?

तिची सून प्राची. लेक अजून अंगावर पिती, आन् ही शिक्रापूरच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायला शिकत व्हती. पुढं दोन दांडे असलेली, माल उचलणारी गाडी. परीक्षा पास झाली की कायमची नोकरी. मला म्हणाली, "ताई, दुसरं लेकरू एवढ्यात नको. आन् रोजची गोळी मी विसरते." मी म्हणाले, "मग तीन महिन्यांची सुई घे."

सासू तिथंच बसलेली. आता ही भडकणार, असं मला वाटलं. पण भागुबाई म्हणाली, "मला लागोपाठ चार झाली. कुणी विचारलं व्हतं मला? जा गं प्राची, घेऊन ये ती सुई."

दवाखान्यात सिस्टरनं तपासलं आन् नीट समजावलं. "दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. औषध हळूहळू सुटतं आणि बीज तयार होऊ देत नाही. अंगावर पाजत असलीस तरी चालतं. पाळी पुढंमागं होईल, डाग लागतील, नंतर बंदही होईल. घाबरायचं नाही. मूल हवं झालं की इंजेक्शन थांबवायचं, पण मग दिवस राहायला सात-आठ महिने, कधी वर्षही लागतं. आणि दंडावर ही सुई टोचली ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही."

भागुबाई तवा बाहेर झाडाखाली नातीला खेळवत व्हती.

दुसऱ्या दिवशी गिरणीत भेटली, तोंडभरून हसत. "अंजना, पोरीचा दंड ठणकत व्हता. झोपली तशी तेल कोमट करून असा चोळला, असा शेकला, तुझ्या सुईची गाठ पार जिरवली बघ!"

"अगं बया! मावशी, काय केलंत हे?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "ते औषध साठून राहिलं पाहिजे. चोळलं की भराभरा सुटतं, आन् तीन महिन्यांआधीच जोर सरतो!"

तिचं तोंड एवढंसं झालं. मी सिस्टरला जाऊन विचारलं. ती म्हणाली, पुढच्या इंजेक्शनापर्यंत नवऱ्यानं निरोध वापरायचा. आता भागुबाईच्या लेकाला, नवनाथला, ते सांगणार कोण? भागुबाईनं पाकीट सरळ त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. "डाक्टरचं हाय. लाजायचं न्हाई." पोरगं भाकरी अर्धी टाकून पळालं!

पण पुढं प्राचीची पाळी चुकली. परीक्षा तोंडावर आलेली. भागुबाई माझ्या ओट्यावर येऊन रडायला लागली. "माझ्या हातांनी पोरीचं नशीब चोळून टाकलं गं!" दोघींना घेऊन तडक दवाखाना गाठला.

लघवीच्या तपासणीत पट्टीवर एकच रेघ उमटली. दिवस न्हाईत!

"मग रक्त कुठं गेलं?" भागुबाईला वाटलं आत साठलं.

"कुठंही साठत नाही," सिस्टर हसली. "या औषधानं गर्भपिशवीचं अस्तर पातळच राहतं. पडायलाच काही नाही, तर पाळी येणार कशी? इंजेक्शन काम करतंय."

भागुबाईनं सिस्टरचा असा मुका घेतला की तिचा चष्माच वाकडा झाला.

प्राची पास झाली. दुसऱ्या सुईला आली ती कारखान्याचा गणवेश घालूनच. ह्यावेळी सासू आत, सिस्टरच्या टेबलाला चिकटून. सुई घेऊन प्राची बाकावर बसली, "आई गं, ठणकतोय," म्हणाली. भागुबाईचे हात आपसूक पुढं आले. मी डोळे वटारले. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पण चैन कुठं पडतंय! एकदम खाली बसली आन् सुनेचा पाय मांडीवर ओढला.

"आई, आवो काय हे! सगळी बघत्यात!"

"बघू दे. दंडाला बंदी हाय, पायाला न्हाई. दिवसभर त्या गाडीचा ब्रेक दाबतीस की." आन् भरल्या दवाखान्यात सासू सुनेचे पाय चोळत बसली.