डॉक्टरांच्या खिशातला पंप

सुरतेत, नवागामच्या आमच्या गल्लीत खोकल्याला कुणी आजार म्हणतच नाही. कापडाच्या लूमवर जाणारा खोकतो, घरी साड्यांवर खडे चिकटवणारी बाईही खोकते. फारच वाढलं तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जायचं, इंजेक्शन टोचून घ्यायचं आणि पांढऱ्या गोळ्यांची पुडी घेऊन घरी यायचं. माझी आई वर्षानुवर्षं हेच करत आली. धाप लागली की पुडी, की पुन्हा कामाला. वर तिचा चेहराही छान गोल झाला होता. धुळ्याहून आलेला मामा म्हणायचा, बहिणीला सुरत चांगलीच मानवली! आम्हीही खूश. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मागच्या हिवाळ्यात मी सासरहून, म्हणजे कोसाडहून, आईकडे गेले तर ती जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलेली. खांदे वरखाली होत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिला धरून धरून दवाखान्यात नेलं. बाक भरलेला होता, पण तिची अवस्था बघून लोकांनीच आम्हाला पुढे सोडलं. मी आतल्या खोलीचा पडदा सारला आणि जागच्या जागी थिजले.

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून दम्याचा पंप ओढत होते. निळा पंप, डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. मग त्यांनी तो गुपचूप शर्टाच्या खिशात टाकला आणि वळले, तर समोर मी.

हेच ते डॉक्टर! यांच्याकडून पंप घेऊन बाहेर पडलेला एकही माणूस मी पाहिला नव्हता. आमच्याकडे पंप म्हणजे शेवट, एकदा लागला की सुटत नाही, असंच सगळे मानतात. मला वाटायचं, गल्लीतले साधे डॉक्टर, यांना दम्यातलं फारसं कळत नसेल. त्याचा मला कधी रागही आला नव्हता. पण यांना तर सगळं कळत होतं!

"आप खुद पंप लेते हो, और मेरी माँ को पुड़िया?" मी किंचाळलेच.

त्यांनी आधी आईला खुर्चीत बसवलं, छाती तपासली, ड्रॉवरमधून नवा पंप काढून तिच्यापुढे धरला. मग आईकडे बोट करून म्हणाले, "मैंने तो शुरू में ही पंप बोला था, बेन. मासी ने ही मना किया. बोलीं, घर में किसी को बताना भी मत."

"और आपने मान लिया?"

"नहीं मानता तो सामनेवाले डॉक्टर के पास जातीं. सब वही करते हैं."

"और ये गोल चेहरा?"

"गोली की सूजन है," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "वो रोज़ लेने की चीज़ नहीं है."

आम्ही जिचं कौतुक करत होतो ती सूज होती. मी आईकडे वळले. तिनं का नाही म्हटलं, हेच मला कळेना.

"तुनं लगीन व्हवानं व्हतं," आई धापा टाकत म्हणाली. "घरमा दमा शे, लोके म्हणतीन."

माझं लग्न! ते होऊन किती काळ लोटला होता. मी सासरी चांगली रमले होते, आणि ही इथे माझ्या लग्नापायी अजून गुदमरत होती.

"अगं, पण लग्न झालं ना माझं! त्यानंतर तरी घ्यायचा!"

"आते तुनी आंडेर शे ना."

माझी मुलगी चार वर्षांची आहे. मला रडावं की ओरडावं कळेना. आईनं पंप हातात घेतला, पण तोंडाला लावेना. तिची नजर माझ्या मागे, बाहेरच्या बाकावरच्या लोकांवर खिळलेली होती.

"पडदा लाव," ती म्हणाली.

मी पडदा लावला नाही.