डबल बॅकअप

इथल्या हिंदी मुलखातल्या सिव्हिल लाइन्समधला आमचा कॉम्प्युटरवाला मराठी घरातला आहे, पण माझ्याशी बोलतो हिंदीच. सर्व्हर, राउटर, बँडविड्थ हे शब्द तो अशा थाटात उच्चारतो की समोरच्याने पुढे काही विचारूच नये. आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेली मंगळागौरीची गाणी त्याच्याकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतली, तेव्हा मी तरीही विचारलं होतं, "हरवणार नाहीत ना?"

"दीदी, डबल बॅकअप है," तो म्हणाला होता.

पुढे आई गेली. घरात मराठी बोलणारी मी एकटी उरले. गेल्या महिन्यात हार्ड डिस्क बंद पडली आणि कळलं, दोन्ही प्रती त्याच एका डिस्कवर होत्या, फक्त वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. त्याने डिस्क काढून कानाशी हलवून पाहिली आणि तो पहिल्यांदाच मराठीत बोलला, "सगळं गेलं हो, ताई." इतकी स्वच्छ मराठी त्याने या बातमीसाठीच राखून ठेवली होती.

मग नवी डिस्क बसवून त्याने तिच्यावर दोन रिकामे फोल्डर केले. एकाला नाव दिलं 'आई', दुसऱ्याला 'आई बॅकअप'.

"अब टेंशन मत लीजिए, दीदी."