कुरकुरतं स्टिअरिंग

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी मी एका वकिलांची मोटार चालवायचो. वळताना तिचं स्टिअरिंग कुरकुरायचं. वरळी कोळीवाड्यातला एक मेकॅनिक गाडीखाली शिरला, स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्याला नि मूठ कानाला लावून मला चाक फिरवायला सांगू लागला.

"सांधा सुकलाय. चळवळीची गाडी ना, कुरकुरणारच."

ग्रीस संपलं होतं. त्यानं होडीला चोपडायचं माशाचं तेल सांध्यात ओतलं. आवाज खरंच थांबला.

"पण हा वास?" मी विचारलं.

"तक्रार कानाची घेऊन आलास ना? मग नाक कशाला मध्ये घालतोस?"

संध्याकाळी परळच्या सभेला पुढारी मोटारीतून उतरले, तेव्हा भोईवाड्यातली सगळी मांजरं गाडीला घेरून बसली होती. इतकी एकमतानं जमलेली गर्दी आमच्या पुढाऱ्यांना पुन्हा कधी लाभली नाही.